क्लीन एनर्जी हॅकेथॉनला पहिल्यांदा उतरताना: सहा जणांची टीम, दोन छोटे पॅनल आणि एक विहीर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आमची टीम स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या कॉलेज फेरीतच बाद झाली. हॅकेथॉन म्हणजे दिलेल्या प्रश्नावर ठरलेल्या वेळेत उपाय बनवून दाखवायची स्पर्धा. विषय होता अक्षय ऊर्जा. आम्ही एक अ‍ॅप मांडलं होतं: ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांनी उरलेली वीज शेजाऱ्याला विकायची आणि त्याचा हिशोब ब्लॉकचेनवर ठेवायचा. सादरीकरण संपल्यावर विभागातल्या एका सरांनी विचारलं, "एका घराची उरलेली वीज दिवसाला किती युनिट असेल?" आम्ही सहाही जण गप्प. स्लाइड सुंदर होत्या, अ‍ॅपचे स्क्रीन तयार होते, पण विजेचा एक साधा आकडा आमच्याकडे नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा उतरलो आणि हार्डवेअर गटातून ग्रँड फिनालेपर्यंत पोहोचलो. बक्षीस दुसऱ्या टीमला मिळालं. तेव्हापासून दरवर्षी ज्युनियर टीमांसोबत बसते, आणि दरवर्षी तेच प्रश्न, त्याच चुका समोर येतात. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. माझी उदाहरणं सोलर आणि शेतीपंपाची आहेत, कारण मी तेच केलं. बायोगॅस, पवनचक्की किंवा ई-रिक्षाच्या चार्जिंगवर काम करणार असाल तरी टप्पे हेच राहतील.

१. आधी स्पर्धेची रचना समजून घ्या

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ साली सुरू झालं. शिक्षण मंत्रालयाचा इनोव्हेशन सेल आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) ते भरवतात. केंद्रातली मंत्रालयं, राज्य सरकारं, सार्वजनिक कंपन्या आणि उद्योग आपापले प्रश्न देतात, त्यांना प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणतात. प्रत्येकाला एक क्रमांक असतो, विषय असतो आणि गट असतो: सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर. स्वच्छ ऊर्जेचे प्रश्न बहुधा अक्षय व शाश्वत ऊर्जेच्या विषयाखाली सापडतात, पण शेती, वाहतूक आणि स्मार्ट ऑटोमेशनच्या याद्याही चाळा. विजेचे चांगले प्रश्न तिथेही लपलेले असतात.

क्रम असा: प्रश्न जाहीर होतात, कॉलेजात अंतर्गत फेरी होते, निवडलेल्या टीमांची नावं कॉलेज पोर्टलवर भरतं, मग तुमची कल्पना ठरलेल्या साच्यातल्या पीपीटीतून जाते, तज्ज्ञ छाननी करतात आणि निवडलेल्या टीमा फिनालेला जातात. फिनाले देशभरातल्या वेगवेगळ्या नोडल (यजमान) केंद्रांवर होते आणि तुमचं केंद्र दुसऱ्या राज्यात असू शकतं. सॉफ्टवेअरवाल्यांना सलग ३६ तास, हार्डवेअरवाल्यांना पाच दिवस. २०२३ आणि २०२४ ची फिनाले डिसेंबरात झाली, म्हणजे सेमिस्टर परीक्षेच्या ऐन तोंडावर. वर्षभराचं गणित त्या हिशोबाने मांडा.

इथला पहिला सापळा: स्वतंत्रपणे नाव नोंदवता येत नाही. प्रत्येक कॉलेजात यासाठी एक शिक्षक नेमलेले असतात, मुलं त्यांना 'स्पॉक' म्हणतात. टीमचं नाव तेच पाठवू शकतात आणि किती टीमा पाठवायच्या यालाही मर्यादा असते. जुलैतच त्यांना जाऊन भेटा. कॉलेजात स्पॉक कोण हे कोणालाच माहीत नसेल, तर प्राचार्यांच्या कार्यालयात लेखी विचारा. कॉलेजची नोंदणीच झालेली नसेल तर ती करून घ्यायला तुमच्या हातात दोन-तीन आठवडे हवेत.

नियमांचे तपशील वर्षागणिक थोडे बदलतात. सीनियरनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जुनी पीडीएफ वापरू नका, त्या वर्षीची नियमावली स्वतः उतरवून घ्या.

२. सहा जण निवडताना

टीम सहा जणांची, सगळे एकाच कॉलेजचे, आणि त्यात किमान एक मुलगी असलीच पाहिजे.

मुलीबद्दलचा नियम आहे म्हणून शेवटच्या दिवशी कोणा मैत्रिणीचं नाव घालू नका. पहिल्या खेपेला मला असंच बोलावलं होतं. प्रश्न काय, काम कुणाचं काय, मला काही ठाऊक नव्हतं. मी इलेक्ट्रिकलची आणि विषय विजेचा, तरी माझ्या वाट्याला स्लाइडचे रंग आले. ज्यांना विषय येतो त्यांना पहिल्या बैठकीपासून बसवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

शाखा मिसळा. सहाही जण कॉम्प्युटरचे असले की अ‍ॅप होतं, त्यामागची वीज कुणालाच कळत नाही. सहाही इलेक्ट्रिकलचे असले की सर्किट चालतं, पण ते दाखवायला पडदा नसतो. आमच्यात दोन इलेक्ट्रिकल, एक इलेक्ट्रॉनिक्स, दोन कॉम्प्युटर आणि एक मेकॅनिकल होता. पॅनलचं स्टँड त्या मेकॅनिकलवाल्याने वर्कशॉपमध्ये उरलेल्या अँगलमधून केलं आणि वाऱ्यात ते तसूभर हललं नाही.

एक जण असा हवा जो हिंदीतून न अडखळता बोलतो. परीक्षक कुठल्याही राज्यातले असतात. आपण कॉलेजात सगळं मराठीतून समजावतो आणि तिथे गेल्यावर 'विहिरीची पाणीपातळी उतरली' हे हिंदीत कसं सांगायचं इथेच अडतो. घरून निघण्याआधी तीनदा तरी हिंदीत आणि इंग्रजीत बोलून बघा.

३. प्रश्न निवडताना तीन चाळण्या लावा

यादी हातात आली की सगळ्यांची नजर भारदस्त नावांकडे जाते: एआयवर चालणारं ग्रिड (विजेचं जाळं), हायड्रोजन, कार्बन क्रेडिट. गेल्या काही आवृत्त्यांत पोर्टलवर प्रत्येक प्रश्नासमोर आलेल्या कल्पनांची संख्या दिसत होती. जिथे गर्दी, तिथे छाननीत टिकणं अवघड. मी ज्युनियरना तीन प्रश्न विचारायला लावते.

ज्याला हा त्रास आहे त्या माणसापर्यंत तुम्ही एसटीने दोन-तीन तासांत पोहोचू शकता का?

त्या त्रासातली एखादी गोष्ट तुम्ही दोन हजार रुपयांच्या आतल्या साधनांनी मोजू शकता का?

आणि उत्तर सापडलं तर ते एका वाक्यात त्या माणसाला सांगता येईल का?

तिन्हींना 'हो' आलं तरच पुढे जा. यादीत काहीच बसलं नाही तर स्टुडंट इनोव्हेशनचा खुला पर्याय असतो, त्यात विषय तुम्ही ठरवता. आम्ही तोच घेतला. मात्र तिथे सगळी जबाबदारी तुमच्यावर येते, कारण हा प्रश्न खरा आहे हेही तुम्हालाच सिद्ध करायचं असतं.

४. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी विहिरीवर जा

हा टप्पा कुणी करत नाही, आणि मला विचाराल तर निम्मी स्पर्धा इथेच ठरते.

माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, तासगाव तालुक्यात द्राक्षं करतात. त्यांच्या विहिरीवर पाच एचपीचा सोलर पंप आहे. आम्ही सहाजण तिथे गेलो तेव्हा डोक्यात ठरलेलं होतं की पंप मोबाइलवरून चालू-बंद करायचं काहीतरी बनवू. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंप ऊन पडलं की आपसूक चालू होतोय, त्याला मोबाइल कशाला? धूळ बसली की पाणी कमी येतंय, हे मला बी कळतंय. धुवायचं कधी, तेवढं सांगा."

त्या एका वाक्यावर आमचा प्रकल्प उभा राहिला.

मग आम्ही बघत बसलो. तात्या पॅनल दुपारी धुवायचे, कारण सकाळी फवारणीची घाई असते. दुपारी काच चांगलीच तापलेली असते, तिच्यावर गार पाणी पडलं की तडा जाण्याचा धोका असतो. पाणी बोअरचं, जड. वाळल्यावर त्याचे पांढरे डाग काचेवर राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. पॅनलच्या एका कोपऱ्यावर पारव्यांची विष्ठा होती. शेजारून कच्चा रस्ता, आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टरची रीघ. यातली एकही गोष्ट आम्ही इंटरनेटवर वाचलेली नव्हती.

जाताना वही, मीटरपट्टी, मल्टिमीटर आणि फोन न्या. फोटो काढा, पण आधी परवानगी घ्या. प्रश्न विचारताना 'तुम्हाला असं अ‍ॅप आवडेल का?' हे विचारू नका. दारात आलेल्या पोरांना कोण नाही म्हणेल? त्यापेक्षा विचारा, 'काल दिवसभर काय केलं?', 'मागच्या वेळी हे बिघडलं तेव्हा कुणाला बोलावलं, किती पैसे गेले?' आठवणीतून आलेल्या उत्तरात खरी माहिती असते.

एक इशारा जीवावर बेतणारा आहे. सोलर पंपाचे पॅनल एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यांचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. ऊन असताना पॅनल बंद करता येत नाही. पंप चालू असताना मधला कनेक्टर ओढून काढला तर ठिणगीची सलग कमान तयार होते आणि डीसीची कमान सहजी विझत नाही. त्या वायरिंगला हात लावू नका. आम्ही मोजमाप पूर्णपणे वेगळ्या, छोट्या पॅनलवर केलं.

५. आकडेमोड: कागद, पेन आणि अर्धा तास

आमच्या पहिल्या खेपेच्या फजितीचं कारण हेच होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

किलोवॅट आणि युनिट यांत गोंधळ करू नका. किलोवॅट म्हणजे क्षमता, त्या क्षणाचा जोर. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, बिलावर येतं ते. एक किलोवॅटचा पॅनल दिवसाला २४ युनिट देतो असं लिहिलेल्या स्लाइड मी स्वतः पाहिल्या आहेत. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. पॅनलवर छापलेली क्षमताही प्रयोगशाळेतली असते: चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनलचं तापमान २५ अंश. एप्रिलात तासगावच्या उन्हात पॅनल ६० अंशांच्या वर जातो आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते.

आता तात्यांच्या पंपाचा हिशोब. पाच एचपी पंपाला सुमारे ४.८ किलोवॅटचे पॅनल असतात. दिवसाला साधारण १९ युनिट. धुळीमुळे ५ टक्के घट झाली असं धरा, म्हणजे रोज जवळपास एक युनिट गेलं.

एक युनिट ऐकून कोणाला काही वाटत नाही. म्हणून पुढची पायरी. एक हजार लिटर पाणी ३० मीटर वर उचलायला सुमारे ०.०८ युनिट लागतं. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली तर ०.१६. म्हणजे एका युनिटमध्ये सहा हजार लिटर पाणी.

५ टक्के धूळ म्हणजे रोज सहा हजार लिटर पाणी विहिरीतच राहतं. हे वाक्य आम्ही पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं. छाननीत आमची निवड या वाक्याने झाली असं मला आजही वाटतं. तुमचा विषय कुठलाही असो, टक्क्यांचं रूपांतर लिटरमध्ये, रुपयांत, तासांत किंवा चुलीवरच्या भाकरीत करा, आणि ते करताना काय काय गृहीत धरलं ते खाली बारीक अक्षरात लिहा. आमचं ३० मीटर आणि ५० टक्के हे दोन्ही तिथे लिहिलेलं होतं.

कार्बनचा आकडा द्यायचा असेल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडच्या विजेसाठी उत्सर्जनाचा आकडा प्रसिद्ध करतं; एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. पण तुम्ही डिझेल इंजिन बदलत असाल तर हा आकडा लागू होत नाही. तिथे लिटरमागे सुमारे २.७ किलो असा हिशोब करा.

आणि सरकारी योजना वाचून जा. शेतकऱ्यांच्या सोलर पंपांसाठीची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटच्या घरगुती छतासाठी कमाल ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे. महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत सर्वसाधारण गटातला शेतकरी किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के भरतो. 'हे तर योजनेत आधीच मिळतं' असं परीक्षक म्हणाले की उत्तर तयार हवं. आमचं होतं: "योजनेने पंप दिला, तो पुढे वर्षानुवर्षं नीट चालावा म्हणून आम्ही हे करतो आहोत."

६. कागदपत्रं

पटकन सांगते. एक प्लास्टिकची फाइल करा आणि ती एकाच व्यक्तीकडे ठेवा:

- सहाही जणांची कॉलेजची ओळखपत्रं, मुदत संपलेली नकोत
- आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, मूळ आणि दोन झेरॉक्स
- कॉलेजच्या लेटरहेडवरचं बोनाफाइड किंवा अधिकारपत्र, सही-शिक्क्यासह
- टीम क्रमांक आणि प्रॉब्लेम स्टेटमेंटचा क्रमांक असलेली निवडीची ईमेल, छापून
- टीम लीडरच्या बँक खात्याचा तपशील
- पासपोर्ट फोटो
- परीक्षेशी तारखा जुळत असतील तर विभागप्रमुखांचं लेखी पत्र

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच असू दे. पोर्टलवर वडिलांचं नाव नसलेलं आणि आधारवर असलेलं, यावरून आमच्या एका ज्युनियरचा प्रमाणपत्रासाठी तीन महिने पत्रव्यवहार चालला. कॉलेजने नावं पाठवल्यावर टीममध्ये बदल होत नाही असं धरूनच चाला.

७. हार्डवेअरवाल्यांसाठी: सामान आणि त्यातल्या खोड्या

आमची युक्ती साधी होती. शेजारी शेजारी १० वॅटचे दोन सारखे पॅनल, त्यातला एक रोज पुसायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा. दोन्हींचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट, मोजायचा. मळक्याचा करंट भागिले स्वच्छ पॅनलचा करंट, त्याचे टक्के शंभरातून वजा केले, की धुळीने झालेली घट टक्क्यांत मिळाली. व्होल्टेज न मोजता करंट मोजला, कारण उन्हाच्या प्रमाणात बदलतो तो करंट. व्होल्टेज धुळीने फारसं हलत नाही आणि तापमानाने मात्र हलतं. छोट्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास असतो, तो मोजताना पॅनलला काही होत नाही. हे मोठ्या पॅनलच्या माळेवर करून बघायचं नाही.

आम्ही नेलेलं सामान: दोन पॅनल, ईएसपी३२ चे (वायफाय असलेले छोटे कंट्रोलर) तीन बोर्ड, करंट मोजणारे आयएनए२१९ सेन्सर चार, तापमानाचा डीएस१८बी२०, दोन मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, शिसं, हीट श्रिंक, जंपर वायर भरपूर, झिप टाय, स्क्रू ड्रायव्हर संच, एक्स्टेंशन बोर्ड दोन, आणि तात्यांच्या रस्त्यावरची धूळ एका बरणीत. सगळा खर्च साडेपाच हजारांच्या आत. चालणारी प्रत्येक वस्तू एक जास्तीची न्या, कारण परक्या शहरात रात्री अकरा वाजता सेन्सर मिळत नाही.

आता खोड्या. यातल्या प्रत्येकीने आमचे किंवा ज्युनियरचे काही तास खाल्ले आहेत.

ईएसपी३२ चं वायफाय चालू असताना त्याच्या एडीसी२ (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या दोन भागांपैकी दुसरा) गटातल्या पिनांवरून अ‍ॅनालॉग वाचन घेता येत नाही. वायफाय बंद असताना सगळं सुरळीत, चालू केलं की वाचन बंद. सेन्सर एडीसी१ च्या पिनांवर लावा.

हाच बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतो. फोनचं हॉटस्पॉट ५ वर असेल तर तुम्ही रात्रभर पासवर्ड तपासत बसाल.

आयएनए२१९ चे सगळे बोर्ड एकाच पत्त्यावर येतात. दोन लावायचे तर एकावरचा जंपर सोल्डर करून पत्ता बदलावा लागतो, नाहीतर दोघांचं वाचन एकमेकांत मिसळतं.

काही यूएसबी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून प्रोग्रॅम चढत नाही. चाललेल्या केबलला लाल चिकटपट्टी लावून ठेवा.

लिथियम सेल सुटे खिशात किंवा डब्यात टाकू नका. टोकं चिकटपट्टीने झाका, बीएमएसशिवाय (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या सर्किटशिवाय) चार्ज करू नका. विमानाने जात असाल तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच लागतात, चेक-इन सामानात त्या चालत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: फिनाले सभागृहात असते, आणि तिथे ऊन नसतं. ट्यूबलाइटखाली पॅनल जवळजवळ मेलेलाच असतो. निघायच्या आधी कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये रंगीत तालीम केली म्हणून आम्हाला हे कळलं. आमच्या पडद्यावर शून्य भागिले शून्य आलं होतं. मग ५०० वॅटचे दोन हॅलोजन घेतले. एलईडी फ्लडलाइट डोळ्यांना झगझगीत वाटतो, पण पॅनलला त्यातून फार थोडं मिळतं. हॅलोजन पॅनलला चांगलाच तापवतो, तेव्हा अंतर ठेवा आणि बोलणं चालू असताना कुणाला तरी त्याच्यापाशी उभं करा.

८. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: डेटा आणि ९९ टक्के अचूकतेचा मोह

सोलरची वीज उद्या किती येईल याचा अंदाज बांधणारी मॉडेल्स फार टीमा करतात. उन्हाचा डेटा नासाच्या पॉवर संकेतस्थळावर आणि युरोपीय आयोगाच्या पीव्हीजीआयएसवर अक्षांश-रेखांश टाकून फुकट मिळतो. देशातल्या वीजपुरवठ्याचे रोजचे अहवाल ग्रिड-इंडिया देतं, निर्मितीचे आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे असतात. नासाचा उन्हाचा डेटा उपग्रहावरचा असतो आणि त्याचा एक चौकोन शंभरेक किलोमीटरचा. तुमच्या शेतावरून गेलेला ढग त्यात दिसणार नाही. हे स्वतःहून सांगा.

इथले सापळे तीन. पहिला: वेळेनुसार आलेला डेटा पत्त्यांसारखा पिसून प्रशिक्षण आणि चाचणीसाठी वाटला, तर साडेअकराचं आणि बाराचं वाचन प्रशिक्षणात जातं आणि पावणेबाराचं चाचणीत. मॉडेल उत्तर ओळखीने सांगतं. तारखेवर रेघ मारा: आधीचे महिने शिकायला, नंतरचे तपासायला. दुसरा: रात्रीचे शून्य धरले तर अचूकता फुगते. फक्त दिवसाचे तास मोजा. तिसरा: 'आज जेवढी आली तेवढीच उद्या येईल' या साध्या अंदाजाशी तुलना करा. तुमचं मॉडेल त्याला हरवत नसेल तर ते दाखवू नका, कारण जाणकार परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो.

वीजपुरवठ्याचं नियोजन आपल्याकडे १५ मिनिटांच्या खंडांत होतं, दिवसाचे ९६ खंड. तुमचा अंदाज तासाचा असेल तर तो ग्रिडवाल्यांच्या कामाचा नाही. हे एवढं माहीत असलं तरी परीक्षक खुर्चीत पुढे सरकून ऐकतात.

९. फिनालेचे दिवस

पहिल्या दोन तासांत काहीतरी चालतं करून ठेवा, ते कितीही ओबडधोबड असलं तरी. मार्गदर्शनाच्या फेऱ्या मध्ये मध्ये होतात आणि त्यात सुचवलेला बदल पुढच्या फेरीत दिसला पाहिजे. कोण काय म्हणालं, ते एकाने वहीत लिहायचंच. आमच्या एका मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, 'टक्के दाखवू नका, धुवायचं की नाही ते दाखवा.' आम्ही पडद्यावरचा आलेख काढून एक हिरवा आणि एक लाल दिवा लावला. तात्यांनी तेच मागितलं होतं, आम्हीच विसरलो होतो.

सॉफ्टवेअरच्या ३६ तासांत तीन-तीन जणांनी पाळीने झोपा. पहाटे चारला केलेला बदल सकाळी दहाच्या सादरीकरणात जाऊ देऊ नका. चालणाऱ्या आवृत्तीची प्रत वेगळी ठेवा आणि तिचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. सभागृहाचं इंटरनेट हजार फोनांखाली दबतं, त्यामुळे डेमो त्याच्याविना चालला पाहिजे.

धूळ दाखवायला आम्ही ट्रेसिंग पेपर वापरला, एका थरापासून तीन थरांपर्यंत. एका परीक्षकांनी हाताने पॅनलची एकच पट्टी झाकली आणि करंट धाडकन खाली आला. सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एका सेलवरची सावली सगळ्यांना अडवते. "मग पारव्याच्या विष्ठेचं काय?" त्यांनी विचारलं. आमची पद्धत सगळीकडे सारखी बसलेली धूळ पकडते, एका जागचा डाग मोठ्या पॅनलवर पडला तर आमच्या छोट्या पॅनलला तो कळणार नाही, असं मी सरळ सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि वीस मिनिटं थांबले.

हे प्रश्न हमखास येतात, उत्तरं आधीच लिहून ठेवा: किंमत किती? पावसात काय? नेटवर्क नसेल तर? बिघडलं तर गावात कोण दुरुस्त करेल? तुम्ही हे कोणाला दाखवलं, आणि ते काय म्हणाले? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या टीमा थोड्याच असतात.

बहुतेक आवृत्त्यांत प्रत्येक प्रश्नाच्या विजेत्या टीमला एक लाख रुपये मिळाले आहेत. मिळाले तर सहा जणांत कसे वाटायचे ते निघण्याआधीच ठरवा.

१०. परत आल्यावर

सामान कॉलेजच्या लॅबमधून घेतलं असेल तर त्याच आठवड्यात परत करा, पुढच्या टीमला लागतं. कोड, सर्किटचा फोटो आणि परीक्षकांचे प्रश्न एका फोल्डरमध्ये ठेवून ज्युनियरना द्या. आणि ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेला होतात, त्यांच्याकडे पुन्हा जा.

आम्ही दोन्ही पॅनल तात्यांच्या विहिरीवर बसवून आलो. ईएसपी३२ चा डबा पहिल्या पावसाळ्यात पाणी शिरून बंद पडला. मी नवा घेऊन गेले तेव्हा तात्या म्हणाले, "राहू दे." त्यांनी बाजारातून एक मल्टिमीटर आणला होता. रविवारी सकाळी दोन्ही पॅनलांचा करंट ते स्वतः मोजतात आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतात. पाणी सोडतात ते आता उन्हं चढायच्या आत, टाकीत साठवलेलं पावसाचं असेल तर तेच.